आधी जाळी मोजा, मग आकडा टाका

आजोबांच्या फेट्यावर चौकडी उमटली होती. साधा पांढरा फेटा, पण छापून आला तेव्हा लुंगीच्या कापडासारखा दिसत होता. वर्षश्राद्धाला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायच्या तीनशे कापडी पिशव्यांची ऑर्डर होती. एका बाजूला आजोबांचा फोटो, खाली नाव आणि तारीख. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून शिरूर कासारसारख्या तालुक्याच्या गावातही अशी कामं येऊ लागली आहेत. माझं दुकान मुळात फ्लेक्सचं. पुढं मशीन, मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल. पॉझिटिव्ह काढायला बीडला कशाला जायचं, आपल्याच मशीनवर पारदर्शक फिल्म टाकू, असं म्हणालो आणि दोन दिवस घालवले.

पहिली फिल्म काढली ती फ्लेक्सच्या नेहमीच्या सेटिंगवर. हातात धरली तर फोटो सुंदर. फ्रेमवर एक्स्पोज करून पाणी मारलं, तर गालाचा अर्धा भाग उमटलाच नाही आणि मिशी एक सलग काळा पट्टा. दुसऱ्या वेळी कुणीतरी सांगितलेला आकडा टाकला, ४५ लाइन, ४५ अंश. त्यातून ती चौकडी आली. तिसऱ्या वेळी संगणक बंद केला आणि भिंग घेऊन फ्रेमचं कापड बघत बसलो. तेव्हा जे समजलं ते इथं सांगतो, कारण फ्लेक्सवाले जेव्हा स्क्रीनच्या कामात उतरतात, तेव्हा जवळपास सगळे याच दोन खड्ड्यांत पडतात.

पहिला खड्डा आधी. रंगाच्या छटा छापता येत नाहीत. शाई एक तर पडते, नाहीतर पडत नाही. करडा रंग दाखवायचा तर काळ्या ठिपक्यांची फसवणूक करावी लागते, आणि ती दोन प्रकारे होते. एकात ठिपके ठराविक अंतरावर रांगेत असतात आणि छटेप्रमाणे लहानमोठे होतात. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा, हेच दिसेल. याला हाफटोन म्हणायचं. दुसऱ्यात ठिपके सगळे एकाच मापाचे, बारीक, आणि छटेप्रमाणे दाट किंवा विरळ विखुरलेले. फ्लेक्स मशीन हा दुसरा प्रकार वापरतं, आणि फ्लेक्ससाठी तोच बरोबर आहे. रिपमध्ये, म्हणजे फाइलचे ठिपके करून मशीनला देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याला डिदर, एरर डिफ्यूजन, एफएम किंवा स्टोकॅस्टिक अशी नावं असतात. पण ती बारीक भुकटी फ्रेमवर टिकत नाही. फिल्मवरचा सुटा ठिपका इमल्शनमध्ये, म्हणजे फ्रेमवरच्या उजेडानं घट्ट होणाऱ्या लेपात, एक सुटं भोक पाडतो. ते भोक कापडाच्या दोन धाग्यांच्या फुलीवर आलं तर त्यातून शाई उतरतच नाही. गाल गेला तो असा.

विखुरलेल्या ठिपक्यांची रीत जुनी आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली देवादिकांची चित्रं दगडावरून छापली जायची, आणि लक्ष्मीच्या गालावरची सावली कारागीर दगडावर हातानं ठिपके देऊन उतरवत. तुमच्या मशीनचा डिदर तेच काम सेकंदात करतो. रांगेतला ठिपका मात्र कॅमेऱ्यातून आला. फोटो आणि प्लेट यांच्यामध्ये रेघा ओढलेली काच धरायची, म्हणजे प्रकाशाचे आपोआप ठिपके होत. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’नं ४ मार्च १८८० ला असा फोटो छापला. आपल्या देशात या विद्येचा सर्वात मोठा जाणकार म्हणजे कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी, सत्यजित राय यांचे आजोबा. हाफटोनवरचे त्यांचे लेख विलायतेतल्या छपाईच्या वार्षिकात येत. आपल्याकडच्या जुन्या छापखान्यांत फोटोला ‘ब्लॉक’ म्हणत, तो हाच, जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला. लाइन आणि अंश हे शब्द त्या काचेपासून आलेत. सॉफ्टवेअरमध्ये काच उरली नाही, तिचे आकडे उरले.

आता दुसरा खड्डा, जास्त खोल. रिपमधला लाइनचा आकडा (एलपीआय, म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या किती रांगा) कुणाला विचारून टाकायचा नसतो. तो फ्रेमच्या कापडाकडून येतो. आपल्याकडे बोल्टिंगचं कापड टी नंबरवर मिळतं. ४३ टी म्हणजे एका सेंटिमीटरला ४३ धागे, इंचाला साधारण ११०. ७७ टी म्हणजे इंचाला १९५ च्या आसपास, ९० टी म्हणजे २३० च्या आसपास, १२० टी म्हणजे ३०५. इंचातल्या धाग्यांना साडेचारनं भागा. येईल तो तुमचा लाइनचा आकडा, त्याच्या फार वर जाऊ नका. ४३ टीला २५, ७७ टीला ४० ते ४५, ९० टीला ५०.

का, ते एका ठिपक्यात दाखवतो. ४५ लाइनला एका ठिपक्याची चौकट ०.५६ मिलिमीटरची होते. गालावरची हलकी छटा पाच टक्के धरली तर त्या चौकटीत ठिपका येतो ०.१४ मिलिमीटरचा. माझ्या फ्रेमला होतं पिशव्यांच्या कामाचं जाड कापड, ४३ टी. त्यात एका धाग्यापासून दुसऱ्या धाग्यापर्यंतचं अंतर ०.२३ मिलिमीटर आणि मधली मोकळी जागा जेमतेम ०.१५. म्हणजे ठिपका नशिबानं मोकळ्या जागेत पडला तर छापायचा, धाग्यावर पडला तर गायब. आणि धागे एका तालात, ठिपके दुसऱ्या तालात. दोन्ही ताल जिथं जिथं जुळतात तिथं पट्टा दिसतो. फेट्यावरची चौकडी म्हणजे एवढंच. छपाईवाले त्याला मॉयरे म्हणतात. हीच गोष्ट २५ लाइनला करा: चौकट एक मिलिमीटरची, पाच टक्क्यांचा ठिपका पाव मिलिमीटरचा. आता तो कुठंही पडला तरी त्याच्या पोटात थोडीतरी मोकळी जागा येतेच. ठिपके डोळ्याला दिसतात, हे खरं. पण पिशवी कुणी भिंगाखाली बघत नाही, आणि हातभर अंतरावरून माणूस ओळखू येतो.

अंशाचंही तसंच. फ्रेमचे धागे उभे-आडवे, म्हणजे शून्य आणि नव्वद. त्यांच्या फुल्या तिरक्या रांगेत बघितल्या तर ४५. या तिन्हींपासून लांब राहायचं असेल तर मधली जागा उरते साडेबावीस अंशांची. एकाच रंगाचं काम असेल तर २२.५ टाका आणि विसरून जा. सॉफ्टवेअरमध्ये ४५ आधीच भरलेला असतो, तो कागदावरच्या छपाईसाठी. तिथं धागे नसतात. फिल्म फ्रेमवर ठेवताना वाकडी ठेवली तर हा सगळा हिशेब मोडतो, म्हणून फिल्मवर रजिस्टरच्या खुणा घ्या आणि फ्रेमच्या कडेला समांतर लावा.

फोटोबद्दल एक गंमत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं आणि आपण ‘साफ फोटो नाही का’ म्हणून नाक मुरडतो. हाफटोनला लाइनच्या दुप्पट पिक्सेल पुरतात. २५ लाइनला इंचामागे ५० पिक्सेल, म्हणजे आठ इंचांच्या फोटोला ४०० पिक्सेल. व्हॉट्सॲपचा फोटो त्याहून बराच मोठा असतो. खरी अडचण वेगळ्याच फोटोंची. म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक फोटो म्हणून घरचे लोक पेपरातल्या श्रद्धांजलीचं कात्रण आणून देतात. त्यात आधीच ठिपके असतात. त्यावर आपले ठिपके टाकले की फ्रेम निर्दोष असूनही चौकडी येणारच. असं कात्रण स्कॅन करताना स्कॅनरमधला डिस्क्रीन पर्याय चालू करा. तो नसेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करून फोटोशॉपमध्ये ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत गॉशियन ब्लर द्या, मग आकार कमी करा. डोळे आणि मिशी थोडी मऊ पडतील. पडू द्या, २५ लाइनला नाहीतरी तेवढा बारकावा उतरत नाही.

फोटो ग्रेस्केल करा. मागची पार्श्वभूमी काढून टाका, कारण तिथं उरलेला दोन-तीन टक्क्यांचा करडेपणा पिशवीवर पुरळासारखा उठतो. अक्षरं फोटोत मिसळू नका. ती वेगळी, शंभर टक्के काळी ठेवा, आणि श्रीलिपीत टाइप केली असतील तर कर्व्ह करून घ्या. नव्वद टक्के काळ्या अक्षरालाही रिप ठिपक्यांत तोडतं आणि कडा करवतीसारख्या दातेरी येतात.

आता रिप. फोटोप्रिंट, ऑनिक्स, वासॅच, कॅल्डेरा, मेनटॉप, तुमच्याकडे जे असेल ते. पर्यायांची जागा आणि नाव बदलतं, काम तेच. पहिली गोष्ट म्हणजे फ्लेक्सच्या प्रोफाइलला हात लावायचा नाही. त्याची नक्कल करून ‘फिल्म’ नावानं वेगळी सेव्ह करायची. मी सुरुवातीला मूळ प्रोफाइलमध्येच बदल केले आणि दुसऱ्या दिवशी एका वाढदिवसाचा दहा बाय वीसचा फ्लेक्स ठिपक्याठिपक्यांचा निघाला. तो फ्लेक्स अजून आमच्या शेडवर ताडपत्री म्हणून आहे.

नव्या प्रोफाइलमध्ये कलर मॅनेजमेंट किंवा आयसीसी बंद करा. ते चालू राहिलं तर रिप काळा रंग चारही शाया मिसळून बनवतं. आपल्याला काळ्या शाईचा ठिपका हवा, निळ्या-लाल-पिवळ्यांची गर्दी नको. मग हाफटोन किंवा डिदर नावाची यादी उघडा. एरर डिफ्यूजन काढून अँगल्ड स्क्रीन, एएम, कन्व्हेन्शनल किंवा थेट हाफटोन असं जे लिहिलं असेल ते निवडा. तिथं लाइन, अंश आणि ठिपक्याचा आकार असे तीन रकाने असतात. आकाराला एलिप्स, म्हणजे लंबगोल. गोल ठिपके वाढत वाढत जातात आणि छटेच्या एका टप्प्यावर चारही बाजूंनी एकदम चिकटतात. चेहऱ्यावर तिथं अचानक काळसर पायरी दिसते. लंबगोल आधी टोकांना जुळतो, मग कुशीला. पायरी दोन भागांत वाटली जाते आणि डोळ्याला कळत नाही.

रिझोल्यूशनचा हिशेब करून बघा. मशीनच्या डीपीआयला लाइननं भागा आणि उत्तराचा वर्ग करा. ७२० ला ४५ नं भागलं तर १६, त्याचा वर्ग २५६. एवढ्या छटा मिळतात, भरपूर झाल्या. ३६० डीपीआयवर ४५ लाइन टाकली तर आठाचा वर्ग ६४. कपाळावरची छटा पायऱ्यापायऱ्यांची येते. म्हणून काम फास्ट मोडवर उरकू नका. ७२० घ्या आणि एकाच दिशेनं छापा. हेड जाताना आणि येताना दोन्हीकडून छापायला लागलं की केसभराच्या फरकानंही ठिपक्याला सावली चिकटते. फ्लेक्सवर ते खपतं, फिल्मवर नाही.

आणि तुमच्या हेडचा थेंब किती मोठा आहे ते माहीत असू द्या. फ्लेक्स मशीनवरचे कोनिकाचे हेड १४, ३० किंवा ४२ पिकोलिटरचे असतात. ४२ पिकोलिटरचा थेंब हवेत असतानाच सुमारे ४३ मायक्रॉनचा असतो, आणि फिल्मवर पडला की पसरतो. असल्या थेंबानं ४५ लाइनचा बारीक ठिपका नीट गोलसर होत नाही. माझं स्पष्ट मत असं: मोठ्या थेंबाच्या मशीनवर २५-३० लाइनची पिशव्यांची, झेंड्यांची कामं करा. टी-शर्टला चांगला चेहरा हवा असेल तर छोट्या थेंबाचा इको-सॉल्व्हंट किंवा टेबलावरचा फोटो प्रिंटर त्याच कामासाठी ठेवा. फिल्मही शाईप्रमाणे घ्या. पाण्याच्या शाईची फिल्म वेगळी आणि सॉल्व्हंटची वेगळी. चुकीच्या फिल्मवर शाई अळूच्या पानावरच्या पाण्यासारखी गोळा होते.

रिपमध्ये हाफटोनचा पर्यायच नसेल तरी अडत नाही. फोटोशॉपमध्ये ग्रेस्केल फोटो घेऊन मोड बिटमॅप करा, आउटपुटला ७२०, पद्धत हाफटोन स्क्रीन, मग लाइन, अंश, आकार. ठिपके फाइलमध्येच तयार होतात. मात्र ती फाइल पुढं कुठंही लहानमोठी करायची नाही. रिपमध्ये शंभर टक्क्यांना आणि त्याच डीपीआयला लावायची. एक टक्का ताणली तरी ठिपके फाटतात.

यानंतर राहतो तो ठिपक्याचा फुगवटा, आणि इथं घाई करू नये. कापडावर शाई पसरते. फाइलमधला पन्नास टक्क्यांचा ठिपका पिशवीवर सहज सत्तर-पंचाहत्तरचा दिसतो. आजोबांची मिशी सलग काळी झाली ती यामुळंही. उपाय म्हणजे पाच, दहा, वीस, तीस असं नव्वदपर्यंत छटांच्या चौकोनांची एक पट्टी बनवा. तुमच्याच फिल्मवर, तुमच्याच फ्रेमवर, तुमच्याच शाईनं, पिशवीच्याच कापडावर छापा. कोणत्या चौकोनापासून ठिपके दिसायला लागतात आणि कोणत्या चौकोनात मधल्या पांढऱ्या फटी बुजतात, ते फिल्मच्याच कडेला लिहून ठेवा. माझ्याकडे आठच्या खालचं काही येत नव्हतं आणि ऐंशीच्या वरचं सगळं काळं. मग कर्व्हमध्ये सगळ्यात हलकी छटा आठवर आणली, गडद ऐंशीवर थांबवली आणि मधली पन्नास ओढून पस्तीसवर नेली. हा कर्व्ह फोटोशॉपमध्ये द्या किंवा रिपच्या लिनियरायझेशनमध्ये, पण दोन्हीकडे देऊ नका. पडद्यावर फोटो फिका, आजारी माणसासारखा दिसेल. गिऱ्हाईकाला पडदा दाखवू नका, पिशवी दाखवा.

हे सगळं करायला आमच्याकडे उत्तम काळ म्हणजे दसऱ्यानंतरचा. ऊसतोडीला टोळ्या गेल्या की अर्धा तालुका रिकामा होतो, दुकानात फारसं कुणी येत नाही. पट्ट्या काढायला तेव्हा सवड असते. लग्नसराईत ऑर्डर घेतल्यावर प्रयोग करायला बसलात तर माझ्यासारखी रात्र जागवावी लागेल.

फिल्म निघाल्यावर उजेडाकडे धरा. काळ्या भागातून बल्ब दिसत असेल तर एक्स्पोजच्या वेळी उजेड तिथूनही जाईल आणि ठिपका नीट उघडणार नाही. रिपमध्ये शाईची मर्यादा थोडी वाढवा, पण ठिपके एकमेकांना भिडायला लागले की मागं या. फिल्म मिरर करू नका. सरळ छापा आणि शाईची बाजू इमल्शनला चिकटेल अशी फ्रेमच्या खालच्या बाजूला लावा. म्हणजे वरून, स्क्वीजीच्या बाजूनं पाहिलं की अक्षरं सुलटी दिसतात. उलटी लावली तर फिल्मच्या जाडीएवढी फट राहते, कडेनं उजेड घुसतो आणि हलके ठिपके तिथंच मरतात. काच घट्ट बसू द्या. उन्हात एक्स्पोज करणारे अजून आहेत. अक्षरांना चालतं, ठिपक्यांना नाही, कारण मार्गशीर्षातलं ऊन आणि चैत्रातलं ऊन एक नसतं. ट्यूबचं टेबल करा आणि फिल्मचा एकेक पट्टा झाकत वेगवेगळ्या वेळांची चाचणी घ्या.

छापताना मराठवाड्याचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पाण्याची शाई फ्रेममध्येच वाळते आणि आधी बारीक ठिपके चोक होतात. पन्नासाव्या पिशवीवर गाल होता, सत्तरावीवर नाही, असं होतं. फोटोचं काम सकाळी दहाच्या आत करा, पंखा टेबलाकडे तोंड करून लावू नका, शाईत थोडा रिटार्डर घाला, आणि स्क्वीजी मारल्यावर फ्रेम उघडी ठेवण्याऐवजी लगेच शाईचा हात फिरवून झाकून ठेवा. दाब हलका, धार तीक्ष्ण. घासून-घासून छापलेला हाफटोन हाफटोन राहत नाही.

चार रंगांचं काम कापडावर करायचं असेल तर कागदाचे १५, ७५, ० आणि ४५ हे अंश प्रत्येकी साडेसातनं सरकवून घेण्याची रीत आहे. पण सुरुवातीलाच त्यात पडू नका. आणि फ्लेक्सवरच मोठाले ठिपके शोभेसाठी हवे असतील, तर त्यासाठी रिपला हात लावायची गरज नाही. फोटोशॉपमध्ये पाच-दहा लाइनचा बिटमॅप करा आणि नेहमीच्या प्रोफाइलवर छापा.

त्या तीनशे पिशव्या शेवटी ४३ टी, २५ लाइन, २२.५ अंशांवर गेल्या. हे तीन आकडे मी मार्करनं फ्रेमच्या लाकडावर लिहून ठेवलेत, खाली कर्व्हच्या फाइलचं नाव. संगणक फॉरमॅट होतो, वही हरवते, फ्रेम मात्र भिंतीला टेकून तिथंच असते.